दादांना गाडी लागते

जगात असं एकही वाहन नसेल ज्याच्यावर आमच्या दादांचं प्रेम नाही, आणि असंही एकही वाहन नसेल जे आमच्या दादांना लागत नाही. दादा म्हणजे माझे मोठे दीर. गेल्या मार्चपर्यंत ते उज्जैनच्या एका शाळेत भूगोल शिकवत होते आणि त्याच शाळेत मी गणित शिकवते, त्यामुळे हा माणूस मला सकाळी दहापासून स्टाफरूममध्ये आणि संध्याकाळी पाचपासून घरात, असा दुहेरी मिळालेला होता. शाळेत मी त्यांच्याशी तावातावानं भांडत असे आणि घरी आल्यावर त्यांनाच ‘दादा, चहा ठेवू का?’ असं विचारत असे. ते दोन्ही ठिकाणी सारखेच शांत असत. दादांची शांतता फक्त एका गोष्टीनं मोडते. चाक फिरायला लागलं, आणि त्या चाकाच्या वर कुठेतरी दादा बसलेले असले, की संपलं.

लोकांना घाटात गाडी लागते. दादांना ती माधव नगर ते टावर चौक एवढ्या अंतरात लागते. ऑटो लागते, सिटी बस लागते, कार तर फार लागते कारण तिच्यात म्हणे वास असतो. रेल्वेत इंजिनाकडे पाठ करून बसलं तर पहिलं स्टेशन यायच्या आत लागते आणि तोंड करून बसलं तर दुसऱ्या स्टेशनापर्यंत धीर धरते. घरातल्या झोपाळ्यावर त्यांना कुणी बसलेलं पाहिलेलं नाही. इंदूरला माझ्या नणंदेच्या सोसायटीत लिफ्ट आहे. तिनं सातव्या मजल्यावर घर घेतल्याचं कळल्यावर दादा दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. आणि त्यांच्या लग्नातली हकीकत तर आमच्या जाऊबाई अजून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सांगतात. माळव्यात राहून राहून आमच्याकडे मराठी नवरदेवसुद्धा घोडीवर बसतो. दादाही बसले. बॅन्डवाल्यांचं पहिलं गाणं संपायच्या आत नवरदेव खाली उतरला आणि मग फेटा, मुंडावळ्या, हातात कट्यार, अशा थाटात घोडीचा लगाम धरून तिच्या बरोबरीनं फ्रीगंजपर्यंत चालत आला. मांडवाच्या दारात दादांच्या सासूबाई ओवाळायला आल्या तेव्हा त्यांना क्षणभर कळेना, की जावई कोणता आणि घोडीवाला कोणता.

आता अशा माणसानं वाहनांचं नाव काढू नये. पण दादांचं सगळं उलट. रस्त्यावर हॉर्न वाजला की दादा घरात बसून सांगतात, ही आगरची बस, ड्रायव्हर नवीन दिसतो. कोणती गाडी कुठे किती मिनिटं थांबते, कोणत्या स्टेशनावर इंजिन बदलतं, भोपाळला दुपारनंतर काय काय मिळतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे तरी कॉलनीतले लोक अजून दादांनाच विचारतात, कारण मोबाइल नुसती वेळ सांगतो आणि दादा कोणत्या डब्याला गर्दी कमी असते तेही सांगतात. स्वतः ते भोपाळला एकदाच गेलेले आहेत, त्याबद्दल ते बोलत नाहीत. घराबाहेर त्यांची स्कूटर उभी असते. दर रविवारी तिला धुतात, पुसतात, स्टार्ट करतात, डोकं तिरकं करून तिचा आवाज ऐकतात, ‘वा!’ म्हणतात आणि बंद करून कव्हर घालतात. मग पायी भाजी आणायला जातात. आमच्या घराण्यात कुणीतरी पूर्वी सरकारच्या पागेत घोड्यांच्या देखरेखीला होते म्हणे, म्हणून दादांच्या मते वाहन आपल्या रक्तातच आहे. रक्तात असेल, पण पोटात नाही, असं मी एकदा म्हणाले होते. ते म्हणाले, “तुझं बरोबर आहे, पण त्यात गाडीचा काय दोष?”

अशा माणसाला इंदूरच्या पलीकडचं ते जुन्या वाहनांचं संग्रहालय सापडलं, तेव्हा त्याचं काय झालं असेल याची कल्पना करा. रेंगी, डमणी अशा जुन्या बैलगाड्या, पालखी, टांगे, पुढे लांब नाक असलेले ते आपले जुने टेम्पो, बॉनेटवाली बस, रोलर, आणि सगळ्यात शेवटी, झाडांखाली चाळीस-पन्नास पावलांच्या रुळावर उभा असलेला छोट्या लाइनचा, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेचा, एक लाकडी डबा. आणि या सगळ्यांतला सर्वांत मोठा गुण म्हणजे यांतलं काहीही हलत नव्हतं. उभ्या पृथ्वीवर हीच एक जागा अशी होती, जिथे दादा गाडीत बसू शकत होते. पहिल्या वेळी, तेव्हा अजून दोऱ्या बांधल्या नव्हत्या, ते त्या डब्यात खिडकीशी बसले ते तासभर उठलेच नाहीत. परत आल्यावर त्यांनी शाळेत अर्ज दिला, की सातवीची वार्षिक सहल दर वर्षी याच ठिकाणी नेण्यात यावी. तेव्हाचे मुख्याध्यापक भले होते, त्यांनी विचारलं नाही की का. त्या वर्षापासून आमच्या शाळेची सातवी दर हिवाळ्यात तिथे जायला लागली आणि बरोबर बाई-माणूस हवं म्हणून मीही जायला लागले.

दादांचं म्हणणं असं, की गाडी पाहून कळत नाही, बसून कळते. म्हणून संग्रहालयाच्या कचेरीत आधी जाऊन, म्हणजे अर्थात मला पाठवून, ते मुलांना गाड्यांमध्ये चढू देण्याची लेखी परवानगी मिळवत. सही, शिक्का, सगळं. मग त्या दिवशी मुलं पालखीत बसत, रोलरवर चढत, बसचा भोंगा दाबून त्या आवारातल्या कबुतरांचा जीव खात. शेवटी सगळ्यांना त्या लाकडी डब्यात बसवलं जाई. दादा खिडकीपाशी आणि समोर, बाजूला, वरच्या फळीवर, मांडीवर, जिथे मावतील तिथे मुलं. डबा उभाच. आणि दादा त्यांना सांगत, आता अमुक स्टेशन आलं, इथे पेरू चांगले मिळतात, खिडकीतून हात बाहेर काढू नका, आता नदी येईल. मुलं खरोखर हात आत घ्यायची. मी गणिताची बाई, मला असल्या गोष्टींचा पटकन राग येतो. पण त्या एका तासात मी दादांना कधी काही बोलले नाही. त्यांचा चेहराच तसा असे.

त्या एका तासासाठी त्यांना अडीच तास जायचा आणि अडीच तास यायचा बसप्रवास करावा लागे, ही त्यातली मेख होती. त्याची तयारी आठवडाभर आधी सुरू होई. आदल्या दिवशी उपास. सकाळी हिंग आणि लिंबू. शर्टाच्या आत, पोटावर, वर्तमानपत्राची घडी. तीही हिंदी पेपरची, कारण तो कागद म्हणे जाड असतो. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट, तोंडात लवंग, डोळे घट्ट मिटलेले आणि नाकाला अर्धं लिंबू. एकदा बस सुटली की या प्रवासाचे नेते पुढचे अडीच तास कुणालाही उपलब्ध नसत. मागे मुलं अंताक्षरी खेळताहेत, कुणी कुणाच्या केसांत च्युइंगगम चिकटवलं आहे, आणि सहलप्रमुख एखाद्या समाधी लावलेल्या बाबासारखे पुढे बसलेले. एका वर्षी नव्या ड्रायव्हरनं मला हळूच विचारलं होतं, “मॅडम, इन बाबाजी को कहाँ उतारना है?”

आता दादांच्या प्रस्थानाबद्दल सांगायला हवं, कारण घात तिथेच झाला. दादा भूगोल शिकवत, पण प्रवासाला निघताना त्यांचा भरवसा चौघडियावर, म्हणजे दिवसाच्या शुभ-अशुभ वेळांवर. उज्जैनमध्ये याचं कुणाला नवल वाटत नाही. आमच्याकडे लोक फ्रिज घ्यायला टावरवर जातात तेही लाभ किंवा अमृत चौघडिया पाहून. शिवाय कुठल्या वारी कुठल्या दिशेला जायचं नाही, ते दिशाशूळ वेगळंच. आणि जायचंच असेल तर त्यावर उपाय म्हणजे प्रस्थान ठेवणं. आदल्या दिवशी चांगली वेळ पाहून, ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या एखाद्या घरी आपली एक पिशवी नेऊन ठेवायची. म्हणजे आपण निघालो असं मानतात. दुसऱ्या दिवशी जाता जाता ती पिशवी उचलायची की झालं. बहुतेक लोक त्या पिशवीत सुपारी, चार अक्षता आणि एखादा रुमाल ठेवून मोकळे होतात. दादांना ही लबाडी वाटे. प्रवासात जिच्यावाचून खरोखर अडेल अशीच वस्तू ठेवली पाहिजे, नाही तर ते कसलं निघणं? एका वर्षी त्यांनी स्वतःचा चष्मा ठेवला होता. त्या दिवशी त्यांनी चष्म्याशिवाय नकाशे तपासले आणि नर्मदेला बंगालच्या उपसागरात सोडणाऱ्या मुलीला पैकीच्या पैकी गुण दिले.

गेल्या वर्षी शाळेत नव्या प्राचार्या आल्या. बाई हुशार, कामाला वाघ, पण जुन्या वस्तूंचा त्यांना कंटाळा. त्यांनी दादांना बोलावून सांगितलं, “सर, बच्चों को एन्जॉयमेंट चाहिए. खडी हुई गाडियाँ देखके क्या करेंगे? अगले साल से हम वॉटर पार्क ले जाएँगे. इस बार आपका रिटायरमेंट है, तो आप एक बार और हो आइए.” दादा ‘जी’ म्हणाले आणि बाहेर आले. स्टाफरूममध्ये बसून त्यांनी पाण्याचा अख्खा ग्लास संपवला. मग मला म्हणाले, “ही शेवटची आहे. मग मुलांबरोबर डब्यात बसणं काही होणार नाही. एकट्या माणसाला कोण चढू देतं तिथे? तर ही नीट झाली पाहिजे हं. काही म्हणजे काही चुकायला नको.” दादा कधी कुणाकडे काही मागत नाहीत. मी म्हटलं, तुम्ही काळजी करू नका, मी आहे ना.

तारीख प्राचार्यांनीच ठरवली आणि नेमका गुरुवार निघाला. संग्रहालय दक्षिणेला, आणि गुरुवारी दक्षिणेला दिशाशूळ. दादांचा चेहरा पडला, पण उपाय होताच. बुधवारी दुपारी, शाळा सुटायच्या आधी, चल चौघडिया होता, प्रवासाला उत्तम; दादांनी अर्धी रजा टाकली. ते पायी पायी, चांगला पाऊण तास चालत, इंदूर रस्त्यावर नानाखेड्याच्या अलीकडे राहणाऱ्या आपल्या बालमित्राकडे गेले. हे काका निवृत्त पोस्टमास्तर, आणि नेमधर्मात दादांच्याही दोन पावलं पुढे. त्यांच्या देवघराशेजारच्या खुंटीला दादांनी पिशवी लटकवली. आणि शेवटच्या सहलीत काही चुकायला नको म्हणून तिच्यात काय ठेवलं, तर जिच्यावाचून सगळं अडेल ती वस्तू: संग्रहालयाचं परवानगीपत्र. घरी येऊन मला मोठ्या समाधानानं सांगितलं. मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण वाटेवरचंच घर, बस त्याच रस्त्यानं जाणार, मिनिटभर थांबायचं आणि खुंटीवरची पिशवी उचलायची, असं मलाही वाटलं. पंधरा वर्षं या घरात काढली की माणूस असाच विचार करायला लागतो.

गुरुवारी सकाळी बेचाळीस मुलं, बेचाळीस डबे आणि पोटावर वर्तमानपत्र बांधलेले एक सर घेऊन बस निघाली. दादांनी डोळे मिटायच्या आधी ड्रायव्हरला घर समजावून दिलं, मला समजावून दिलं आणि मग लिंबू नाकाला लावलं. फ्रीगंजच्या पुलाजवळ पोलिसांनी बस थांबवली. कुणीतरी मोठं माणूस दर्शनाला येणार होतं आणि इंदूर रस्ता दोन तास बंद होता. उज्जैनमध्ये हे आठवड्यातून दोनदा होतं, त्याचं कुणी मनाला लावून घेत नाही. ड्रायव्हरनं बस देवास रस्त्यानं बाहेर काढली आणि बायपासवरून फिरवून काकांच्या घराच्या बऱ्याच पुढे पुन्हा इंदूरच्या वाटेला लावली. त्याच वेळी मागच्या सीटवर दोन मुलींमध्ये खिडकीवरून जुंपली होती आणि मी तिथे न्यायाधीश होते. मी पुढे येऊन पाहिलं तर बस रस्त्याला लागलेली, दादा समाधीत. पिशवी मघाशीच उचलली असेल असं मला वाटलं. नेता डोळे मिटून, उपनेता पाठ फिरवून. पिशवी खुंटीवर.

संग्रहालयाच्या फाटकाशी बस थांबली, दादांनी डोळे उघडले, रंग परत आला, आणि त्यांनी हसत माझ्यापुढे हात केला, “आण पिशवी.”

मी म्हटलं, “तुम्ही नाही घेतली?”

दादांनी पुढे केलेला हात मागे घेतला. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं पोटावरचं वर्तमानपत्र बाहेर काढलं, त्याची नीट घडी घातली आणि म्हणाले, “फोन लाव त्याला.”

मी पोस्टमास्तर काकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दादांनी सांगितलं, पिशवी उघड, त्यातल्या कागदाचा फोटो काढ आणि पाठवून दे.

“मी कशी उघडू?” काका म्हणाले. “प्रस्थानाची पिशवी आहे. ज्याची त्यानंच उचलायची असते.”

“अरे, मीच सांगतो आहे ना उघड म्हणून!”

“तू आता घाबरलेला आहेस. घाबरलेला माणूस काहीही सांगतो. तू असं कर, परत ये, पिशवी उचल, मग पुढे जा. सगळं ठीक होऊन जाईल.”

“अरे यार, अडीच तासांवर आहे मी!”

“मग काय झालं? आत्ता अमृत लागलंय. निघून पड.”

शेवटी काकूंनी फोन ओढून घेतला, पिशवी उघडली आणि फोटो पाठवला. त्यात कागद होता, सही होती, आणि जिथे शिक्का असायला हवा तिथे काकूंचा अंगठा होता. दुसरा फोटो मागवला तो हलला. तिसरा स्वच्छ आला. तो घेऊन मी फाटकावरच्या गार्डकडे गेले. मिशा पांढऱ्या झालेला, ओळखीचा माणूस, पण त्यानं मान हलवली. “मॅडम, ऑर्डर है. ओरिजनल पे ही चढने देना है. साहब भी छुट्टी पे हैं, नहीं तो पूछ लेता. आप लोग अंदर जाओ, आराम से देखो, रस्सी के इस पार से.”

आम्ही आत गेलो. पालखीभोवती दोरी, बसभोवती दोरी, रोलरभोवती दोरी. मुलांनी पाच मिनिटांत सगळं पाहून टाकलं, प्रत्येकानं स्वतःचा फोटो काढून घेतला आणि मग ती कंटाळली. एकानं विचारलंच, “सर, अब क्या करें?” दादा त्या लाकडी डब्यासमोर उभे होते. दोरीला हातही लावला नव्हता त्यांनी. मला इतका राग आला होता, त्या गार्डचा, काकांचा, दिशाशूळाचा, स्वतःचा, की मी पाठ फिरवून मुलं मोजायला लागले. उगीच रडायला आलं असतं.

दादा वळले. समोर हिरवळ होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं. “चलो, सब लोग बस में बैठो,” ते म्हणाले. मुलं म्हणाली, कौनसी बस? दादांनी बुटाच्या टाचेनं गवतावर मोठा चौकोन आखला. “ये वाली.” दोन-दोनच्या रांगा, मधे वाट, मागची लांब सीट मस्तीखोरांसाठी. इशिका नावाची एक चुणचुणीत मुलगी कंडक्टर झाली आणि कडुलिंबाची पानं फाडून तिकिटं द्यायला लागली. दादांनी एका मुलाच्या जेवणाच्या डब्याचं गोल झाकण घेतलं, ते स्टिअरिंग. आणि आयुष्यात सायकलच्या पलीकडे काही न चालवलेल्या आमच्या दादांनी उज्जैनहून बस काढली. घशातून त्यांनी जो इंजिनाचा आवाज काढला तो ऐकून आमचा खरा ड्रायव्हर विडी टाकून धावत आला. “सर, चढाव है, गियर बदलो!” तो हिरवळीच्या कडेवरून ओरडला आणि दादांनी गियर बदलला. गाव गेलं, नदी गेली, घाट आला. दादा ओरडले, “बायाँ मोड!” बेचाळीस मुलं डावीकडे झुकली. “दायाँ!” सगळी उजवीकडे. “सामने से ट्रक!” सगळी किंचाळली. दुसऱ्या शाळेची मुलं त्यांच्या बाईंचा हात सोडून आमच्या बसमध्ये उभ्यानं प्रवास करायला लागली. एवढा आरडाओरडा त्या आवारात कधी झाला नसेल. मी कितीतरी वेळानं हसले.

सहावं की सातवं वळण असेल. दादा अचानक गप्प झाले. चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम आला आणि झाकण धरलेला हात सैल झाला. “रोको,” ते क्षीण आवाजात म्हणाले, “गाडी रोको.”

“सर, गाडी तो आप ही चला रहे हो!” कंडक्टर म्हणाली.

दादा उठले आणि झाडामागे धावले. हिरवळीवर, जमिनीला बूड टेकवून, न हलणाऱ्या, नसलेल्या बसमध्ये आमच्या दादांना गाडी लागली होती. आधी मुलं थक्क झाली, मग हसता हसता गवतावर लोळली. मी पाणी घेऊन गेले तेव्हा दादाही झाडाला धरून हसत होते. “घाट जरा जास्तच झाला,” ते म्हणाले.

तो गार्ड लांबून हे सगळं पाहत होता. तो स्वतः माठातलं पाणी घेऊन आला, दादांना बाकावर बसवलं, आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, “सर, बच्चों को तो नहीं बैठा सकता. नौकरी का सवाल है. पर आपको इतने साल से देख रहा हूँ. आप अकेले दो मिनट बैठ लो डब्बे में. मैं दूसरी तरफ देख लूँगा.” त्यानं दोरीचं एक टोक सोडलं.

दादा जागचे उठले नाहीत. म्हणाले, “अकेला बैठके क्या करूँगा, भैया? बच्चों के साथ बैठता हूँ मैं.” आता हा माणूस हट्टानं तोही क्षण घालवणार, हे मला दिसायला लागलं. मी काही बोलणार, तेवढ्यात इशिका पुढे आली. तिनं त्यांचा हात धरून ओढलाच. “सर, आप बैठो ना. हम तो छोडने आए हैं.”

दादा उठले, कपडे झटकले, दोरी ओलांडली आणि डब्यात चढून खिडकीशी बसले. बेचाळीस मुलं रुळांच्या कडेला ओळीनं उभी राहिली, जशी फलाटावर माणसं उभी राहतात तशी. कुणी म्हणालं, “सर, पहुँचके फोन करना.” कुणी म्हणालं, “सर, पानी भर लिया?” एकीनं आपला उरलेला पराठा खिडकीतून आत दिला. दादांनी तो घेतला. हसावं की काय करावं, ते त्यांना कळेना. मग कुणीतरी शिट्टी वाजवली. कंडक्टर इशिकाच असणार. मुलं हात हलवायला लागली आणि हात हलवता हलवता ती एकेक पाऊल मागे सरकायला लागली. आधी हळू, मग जरा भरभर, मग चक्क उलटी धावत. डबा जागेवर होता, पण आतून काय दिसत असेल ते माझ्या लक्षात आलं आणि मीही नकळत मुलांबरोबर मागे मागे जायला लागले. दादांनी एका हातानं खिडकीचा गज धरला होता. दुसरा हात त्यांनी वर केला. मुलं मागे जात जात रोलरच्या पलीकडे गेली, टांग्यांच्या पलीकडे गेली आणि शेवटी भिंतीच्या आड शिरून गुपचूप उभी राहिली. मी त्यांच्यात उभी राहून पदरानं तोंड पुसलं.

त्या संध्याकाळी घरी आलो. परतीच्या प्रवासात दादांना किती वेळा उतरावं लागलं ते मी सांगत नाही. जाऊबाईंनी नेहमीप्रमाणे लिंबाचं सरबत पुढे केलं आणि विचारलं, “काय, या वेळी तरी बसलात का तुमच्या डब्यात?”

“बसलो,” दादा म्हणाले.

“मुलं मावली सगळी?”

“मुलं नव्हती बसली. ती सोडायला आली होती.” त्यांनी सरबताचा एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. मग आमच्या कुणाकडे न पाहता म्हणाले, “गाडी हलली हं आज. मी अगदी शेवटपर्यंत बघत होतो. सगळी दिसेनाशी झाली, तेव्हा हात खाली घेतला.”